बाबांची सही की बाबांचे पैसे? सिबिल ६१८ असताना घरकर्जाचा हिशेब

तुम्ही लिहिलेलं आधी माझ्या शब्दांत मांडतो, समजूत चुकली असेल तर तिथेच कळेल. वय ३१, घर गोव्यात डिचोलीला, नोकरी कुंडईच्या औद्योगिक वसाहतीत, हातात पगार ४८,०००, त्यातून बाईकच्या कर्जाचा हप्ता ४,२००. २०२० मध्ये कळंगुटच्या हॉटेलात होतात, तेव्हा पगार थांबला, क्रेडिट कार्ड थकलं, आणि २०२१ मध्ये ६१,००० च्या थकबाकीवर २८,००० भरून ते ‘सेटल’ केलं. आज सिबिल, म्हणजे कर्जफेडीच्या इतिहासावरून ठरणारा स्कोअर, ६१८. फोंड्यात ३८ लाखांचा रिसेलचा फ्लॅट बघितलाय, लग्न येत्या मे महिन्यात. बाबा वीज खात्यातून निवृत्त, वय ६३, पेन्शन ३४,०००, निवृत्तीचे १४ लाख एफडीत, सिबिल ७९०. एका बँकेने नकार दिलाय. आता बाबांना सोबत घेऊन कर्ज मिळेल का, आणि घ्यायचं तर कसं: सहकर्जदार म्हणून, जामीनदार म्हणून, की फ्लॅटच त्यांच्याही नावावर करून? शिवाय एजंट म्हणतो, टोकन द्या, बाकीचं मी बघतो.

टोकन देऊ नका. बाकीचं तो बघणार नाही, तुम्हालाच बघावं लागेल.

मी सव्वीस वर्षं कर्जविभागात काढली, आधी म्हापशाला आणि नंतर फोंड्याला. तुमच्यासारखी बाप-लेकाची जोडी महिन्यातून दोनदा तरी टेबलासमोर बसायची. मुलगा खाली मान घालून, वडील छाती काढून. वडील म्हणायचे, ‘माझं रेकॉर्ड साफ आहे, माझी सही घ्या.’ त्यांना वाटायचं, आपला ७९० मुलाच्या ६१८ वर चढवला की मधला काहीतरी आकडा येईल. तसं होत नाही. संयुक्त अर्जात बँक दोघांचेही रिपोर्ट काढते आणि बोट ठेवते ते कमी असलेल्यावर. वडिलांमुळे उत्पन्न वाढू शकतं. तुमचा डाग धुतला जात नाही.

आणि उत्पन्न तरी किती वाढतं ते बघू. बँका पेन्शन धरतात, पण पेन्शनर सहकर्जदाराचं वय कर्ज संपताना साधारण ७० च्या, काही ठिकाणी ७५ च्या पुढे जाऊ देत नाहीत. बाबांचं वय ६३. म्हणजे त्यांची पेन्शन हिशेबात घ्यायची तर मुदत सात ते बारा वर्षांवर येते. तुम्हाला लागणाऱ्या २७.५ लाखांचा (हा आकडा कसा आला ते पुढे सांगतो) हप्ता साडेआठ टक्क्यांनी २० वर्षांसाठी २३,८६५ रुपये बसतो, तोच १२ वर्षांसाठी साडेतीस हजारांवर जातो. पेन्शन जोडून मिळवलं त्यातलं बरंचसं आखूड मुदतीने काढून नेलं. बाबा ५५ वर्षांचे आणि नोकरीत असते तर मी वेगळं सांगितलं असतं.

तेव्हा माझं मत स्पष्ट आहे. बाबांची सही कर्जाच्या कागदावर नको. त्यांचे पैसे, तेही सगळे नव्हेत, तुमच्या खात्यात यावेत. आणि ते येण्याआधी तुमचा रिपोर्ट दुरुस्त व्हावा.

रिपोर्टपासून सुरुवात करा. तुम्ही मला ६१८ हा आकडा कळवलात, आतली पानं नाही. भारतात चार क्रेडिट ब्युरो आहेत: ट्रान्सयुनियन सिबिल, एक्स्पिरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क. प्रत्येकाकडून वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट मिळतो, रिझर्व्ह बँकेचा तसा नियम आहे. चारही काढा. स्वतःचा रिपोर्ट स्वतः बघितल्याने स्कोअर घसरत नाही. घसरतो तो पंधरा दिवसांत पाच बँकांत अर्ज टाकल्यावर, कारण प्रत्येक बँकेची चौकशी तिथे नोंदली जाते आणि पुढच्या बँकेला वाटतं, हा माणूस दारोदार फिरतोय. एका बँकेने नकार दिला म्हणून लगेच दुसरीकडे धावू नका, असं मी म्हणतो ते याचसाठी.

रिपोर्टमध्ये प्रत्येक कर्जाखाली महिन्यामहिन्याचे छोटे चौकोन असतात, ३६ महिन्यांचे. चौकोनात ००० म्हणजे हप्ता वेळेवर. ०३० म्हणजे तीस दिवस उशीर, ०९० म्हणजे नव्वद दिवस, आणि नव्वदच्या पुढे गेलं की बँकेच्या भाषेत खातं एनपीए, म्हणजे थकीत. मी अर्ज हातात घेतला की आधी हे चौकोन उजवीकडून डावीकडे वाचायचो. माणूस कधी घसरला आणि कधी सावरला हे तिथे सरळ दिसतं. २०२० चा मार्च ते ऑगस्ट मोरेटोरियमचा, म्हणजे हप्ते पुढे ढकलायच्या सवलतीचा काळ होता, तो सगळ्यांना ठाऊक आहे. त्यानंतरची घसरणही हॉटेलातल्या माणसाच्या रिपोर्टवर दिसली की निदान कारण समजतं. मला काळजी वाटते ती जुन्या घसरणीची नाही. मागच्या दोन वर्षांत बाईकचा एखादा हप्ता चुकलाय का, ते शोधा. ताजा ०३० जुन्या ०९० पेक्षा जास्त नडतो.

‘सेटल्ड’ हा शब्द मात्र वेगळाच. लोकांना वाटतं, सेटल झालं म्हणजे मिटलं. वसुली एजंटने फोनवर तसं सांगितलेलंही असतं. बँकेच्या वाचनात त्याचा अर्थ असा: देणं होतं, पूर्ण दिलं नाही, उरलेलं आम्ही सोडलं. तुमच्या बाबतीत ते ३३,००० रुपये. डिचोलीत राहणाऱ्या माणसाला हे वेगळं सांगायला नको. २०१२ मध्ये खाणी बंद पडल्या, पुन्हा २०१८ मध्ये पडल्या, आणि डिचोली-सत्तरीतल्या किती ट्रकवाल्यांनी ट्रकच्या कर्जाचं एकरकमी सेटलमेंट केलं. त्या वेळी दुसरा मार्गही नव्हता. पाच-सहा वर्षांनी त्यांतलेच लोक मुलाच्या शिक्षणाचं कर्ज मागायला यायचे आणि रिपोर्टवरचा तो एक शब्द बघून मलाच बोलायला जड जायचं.

तर त्या कार्ड कंपनीला लेखी पत्र पाठवा. सोडलेली ३३,००० ची रक्कम भरायला तयार आहे, भरल्यावर खातं ‘क्लोज्ड’ म्हणून नोंदवाल का, असं विचारा. कर्ज तिसऱ्याच कंपनीला विकलेलं असेल तर कुणाशी बोलायचं तेही विचारा. उत्तर लेखी आल्याशिवाय एक रुपयाही भरू नका. पैसे भरून ‘नो ड्यूज’, म्हणजे देणं बाकी नसल्याचं पत्र, घेतलं नाही आणि मग चार वर्षं फेऱ्या मारल्या, अशी माणसं मी बघितली आहेत. पत्र आलं, पैसे भरले, नो ड्यूज मिळालं, की पुढच्या अपडेटला नोंद बदलायला हवी. १ जानेवारी २०२५ पासून कर्ज देणाऱ्यांना निदान दर पंधरवड्याला ब्युरोकडे माहिती पाठवावी लागते. नाही बदलली, तर ब्युरोच्या साइटवर तक्रार टाका. त्याला पैसे लागत नाहीत. तीस दिवसांत निकाल लागला नाही, तर पुढच्या दर दिवसाला १०० रुपये भरपाई द्यायचा नियम एप्रिल २०२४ पासून लागू आहे. ‘सिबिल साफ करून देतो, पंधरा हजार द्या’ म्हणणारे मडगावपासून म्हापशापर्यंत भेटतील. ते करतात ते हेच, पुष्कळदा एवढंही नाही.

आणखी एक गोष्ट शोधा. हप्त्यावर घेतलेला मोबाईल, फ्रिज, टीव्ही. शेवटचा हप्ता कापला गेला आणि सातशे-आठशे रुपयांचं काहीतरी शुल्क लटकत राहिलं, माणूस विसरला, आणि खातं चार वर्षं ‘ओव्हरड्यू’ दिसतंय, हे मी इतक्या वेळा बघितलंय की आता हसू येतं.

३३,००० भरल्यावर दुसऱ्या दिवशी ७५० होणार नाहीत. सावकाश चढेल. एफडीवर मिळणारं एखादं छोटं क्रेडिट कार्ड घ्या, पंचवीस-तीस हजारांच्या एफडीवर मिळतं आणि त्याला जुना स्कोअर सहसा आडवा येत नाही. त्यावर महिन्याचं पेट्रोल भरा, मर्यादेच्या तिसऱ्या हिश्शापेक्षा कमीच वापरा, बिल पूर्ण फेडा. नऊ महिने, वर्ष. ‘किमान रक्कम’ भरून भागवायचं नाही, तिथूनच तर मागे सगळं सुरू झालं होतं ना?

आता तुम्ही म्हणाल, वर्षभर थांबलो तर फ्लॅट जाईल, आणि मे महिन्यात लग्न आहे. ऐका. आज ६१८ वर एखादी वित्त कंपनी कर्ज देईलही. समजा तिने ११ टक्के लावले आणि चांगल्या स्कोअरला बँक साडेआठ लावते. २७.५ लाखांवर २० वर्षांचा हप्ता ११ टक्क्यांनी २८,३८५ येतो, साडेआठने २३,८६५. महिन्याला साडेचार हजारांचा फरक, वीस वर्षांत दहा लाख चौऱ्याऐंशी हजारांचा. फ्लॅट इतका काय महागणार आहे? प्रामाणिकपणे दुसरी बाजूही सांगतो. बदलत्या दराच्या घरकर्जावर मुदतपूर्व फेडीचा दंड व्यक्तीला लागत नाही, त्यामुळे आज ११ ने घेऊन दोन वर्षांनी स्कोअर सुधारल्यावर दुसऱ्या बँकेत नेता येतं. काही जण तसं करतात आणि निभावतात. पण तेव्हा पुन्हा प्रोसेसिंग फी, पुन्हा वकिलाचा मालकी तपासणारा शोध अहवाल, आणि मुख्य म्हणजे ११ टक्क्यांना तुमच्या पगारावर आजच कमी रक्कम बसते. ती कशी, ते आता सांगतो.

बँक साधारण बघते की सगळे हप्ते मिळून हातातल्या पगाराच्या निम्म्यावर जाऊ नयेत. तुमचे निम्मे २४,०००. त्यातून बाईकचे ४,२०० वजा, उरले १९,८००. साडेआठ टक्क्यांनी २० वर्षांना लाखामागे हप्ता ८६८ रुपये, म्हणजे कर्ज बसतं २२ लाख ८० हजार. आता बाईकचं कर्ज बंद केलं असं धरा. पूर्ण २४,००० मोकळे झाले, कर्ज बसतं साडेसत्तावीस लाखांच्या थोडं वर. तुम्ही लिहिलंय २६ हप्ते बाकी आहेत. वर्षभर नीट भरलेत तर १४ उरतील, तेव्हा एकरकमी साधारण ५५,००० लागतील. बाबांच्या पैशातले हे ५५,००० जवळजवळ पावणेपाच लाखांचं कर्ज उघडतात. सात वर्षांच्या मुदतीत बाबांच्या सहीने एवढं काम झालं नसतं. (११ टक्क्यांचा हिशेब: बाईक बंद करूनही २३ लाख २५ हजार. उरलेले सव्वाचार लाख पुन्हा बाबांनाच घालावे लागतील.)

पूर्ण खर्च मांडून बघा. फ्लॅट ३८. स्टँप ड्युटी, नोंदणी, वकील, बँकेची फी मिळून अडीच लाख धरा. हे बँक देत नाही, फ्लॅटच्या किमतीत ते धरलं जात नाही. बाईक ५५,०००. कार्डाचे ३३,०००. एकूण ४१ लाख ४० हजारांच्या आसपास. कर्ज साडेसत्तावीस. तुमचे स्वतःचे ३ लाख आहेत म्हणता. डिचोलीला आईबाबांकडेच राहता, तर वर्षभर महिन्याला २०,००० वेगळ्या खात्यात टाका, २ लाख ४० हजार होतील. शिवाय पुढच्या बँकेला दाखवायला कागद तयार होतो: हा माणूस बारा महिने दर पाच तारखेला २०,००० बाजूला काढू शकला. उरले साडेआठ लाख. ते बाबांनी द्यावेत. त्यांच्याकडे साडेपाच राहतात, आणि ते राहायलाच हवेत. १४ च्या १४ लाख मुलाच्या फ्लॅटमध्ये घालून नंतर औषधाला मुलाकडे हात पसरणारा बाप मला टेबलाच्या त्या बाजूला परत बघायचा नाही.

कर्ज किती मिळू शकतं याची वरची मर्यादाही तुम्हाला माहीत असावी. रिझर्व्ह बँकेच्या नियमाने ३० लाखांपर्यंतच्या कर्जात किमतीच्या ९० टक्क्यांपर्यंत, ३० ते ७५ लाखांत ८० टक्क्यांपर्यंत. पण ती कमाल आहे. डाग असलेल्या अर्जदाराने ९० टक्के मागितले की फाईल उलटी पडते, ७०-७२ टक्के मागितले की अधिकारी निदान चहा मागवतो. तुमचं प्रमाण ७२ येतं.

आता पैसे कसे द्यायचे. इथे गोव्याबाहेरचा सल्ला वाचून चालू नका.

बाबा म्हणतील, माझे पैसे, माझा मुलगा. आपल्याकडे ते पूर्ण खरं नाही. १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेपासून चालत आलेल्या कायद्याने लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर नवरा-बायकोची मिळकत सामाईक. बाबांच्या एफडीत निम्मा वाटा आईचा आहे, पावतीवर नाव कुणाचंही असो. म्हणून गिफ्ट डीडवर, म्हणजे बक्षीसपत्रावर, आईचीही सही घ्या. दुसरं, आईबापाच्या मिळकतीतला निम्मा भाग मुलांसाठी राखीव असतो, मुलगा-मुलगी सारखेच, आणि उरलेलाच ते मर्जीप्रमाणे देऊ शकतात. तुम्ही लिहिलंय की एक बहीण आहे, साखळी गावी दिलेली. आज तुम्हाला साडेआठ लाख मिळाले, तर पुढे कधी इन्व्हेंटरी, म्हणजे वारसांतली मिळकतीची मोजदाद आणि वाटणी, होईल तेव्हा ती रक्कम हिशेबात धरून वाटणी मागितली जाऊ शकते. बाबांची इच्छा तुम्हाला जास्त द्यायची असेल, की हे तुझ्या वाट्यातूनच आगाऊ असं असेल, जे काही असेल ते डीडमध्ये शब्दांत लिहा. २०१२ चा गोवा उत्तराधिकार, विशेष नोटरी आणि इन्व्हेंटरी कायदा रोज हाताळणाऱ्या इथल्याच वकिलाकडून मसुदा करून घ्या. दोन-तीन हजार वाचवायला ऑनलाइन नमुना उतरवू नका.

आयकराची काळजी नको. वडिलांकडून मुलाला मिळालेली भेट करमुक्त आहे, रक्कम कितीही असो. पण बँकेतून बँकेतच. रोख नको, एक हजारही नको. बँक तुमचं खातं सहा महिने मागे जाऊन बघते आणि मध्येच आलेल्या मोठ्या रोख भरण्यावर बोट ठेवते. बाबांचं एफडी मोडल्याचं स्टेटमेंट, तिथून तुमच्या खात्यात आरटीजीएस, आणि गिफ्टचं पत्र, ही साखळी दिसली पाहिजे.

ते पत्र जपून वाचा. त्यात ‘ही रक्कम परत करायची नाही’ असं वाक्य असतं. घरात जर ठरलं असेल की पाच वर्षांत बाबांना परत द्यायचे, तर ती भेट नाही, उसनवार आहे, आणि त्याचा हप्ता बँकेला सांगायला हवा. खोट्या पत्रावर बापाची सही घेऊ नका. उसनेच घ्यायचे ठरले तर तेही खात्यातूनच, कारण २०,००० आणि त्यावरचं उसनं रोखीत घ्यायला आयकर कायद्यात मनाई आहे.

बाबा सहकर्जदार व्हायचा हट्टच धरून बसले तर आणखी एक गंमत समोर येईल. आपल्याकडच्या जोडप्यांचं पगार-पेन्शन सोडून बाकीचं उत्पन्न, व्याज, भाडं वगैरे, आयकर कायद्याप्रमाणे दोघांत निम्मं-निम्मं दाखवलं जातं. फोंड्याच्या शाखेला हे पाठ असतं. फाईल मुंबई-पुण्याच्या प्रोसेसिंगला गेली की तिथला पोरगा विचारतो, एफडीचं व्याज एवढं आणि रिटर्नमध्ये निम्मंच कसं? मग खुलासे. मी अशा खुलाशाचा एक ठरावीक मजकूर टेबलाच्या खणात ठेवला होता.

फ्लॅटवर बाबांचं नाव लावू नका, हेही वरूनच निघतं. सहमालक केलं की बहुतेक बँका त्यांना सहकर्जदारही करतात. आणि पुढे त्यांच्या पश्चात त्यांच्या वाट्यासाठी आई, बहीण, सगळ्यांचे कागद करायला लागतील, तुमचे हप्ते चालू असताना.

जामीनदार व्हायचं तर त्याहून नको. लोक ‘फक्त साक्षीला सही’ समजतात. १८७२ च्या करार कायद्याच्या कलम १२८ प्रमाणे जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच. बँक आधी मुलाकडे जाईल आणि मग बापाकडे, असा क्रम नसतो. नोकरीला लागून चार वर्षं झाली असताना मी स्वतः एका सहकाऱ्याला एका पतसंस्थेत जामीन राहिलो होतो, चहा पिता पिता. तो गोवा सोडून गेला. माझ्या पगारातून अकरा महिने कपात झाली, आणि बायकोला मी ते चौथ्या महिन्यात सांगितलं. कर्जविभागातला माणूस! तेव्हा बाबांनाही त्यांचा रिपोर्ट काढायला लावा. वीज खात्यात असताना त्यांनी कुणाला जामीन दिलाय का, हे त्यांच्या आठवणीपेक्षा रिपोर्ट नीट सांगेल.

डिचोलीचं घर तारण ठेवायचं तुम्ही सुचवलंय. एक-चौदाच्या, म्हणजे जमिनीच्या नोंदीच्या, उताऱ्यावर कुणाचं नाव आहे? आजोबांचं असेल आणि इन्व्हेंटरी किंवा वारसाचा दस्त झाला नसेल, किंवा घर मुंडकाराचं (दुसऱ्याच्या जमिनीवर घर करून राहणाऱ्याचं) असून खरेदीचा दाखला मिळाला नसेल, तर बँक ते तारण घेणारच नाही. ती वाट सोडा.

उतारा फ्लॅटचाही बघा. नकार नेहमी सिबिलमुळेच आला असेल असं नाही. जमिनीच्या सनदेत (बिगरशेती परवान्यात) किंवा ऑक्युपन्सी सर्टिफिकेटमध्ये खोट असेल, किंवा उताऱ्यावर कुळाचं-मुंडकाराचं नाव उरलेलं असेल तर वकिलाच्या अहवालावरच फाईल थांबते आणि शाखेतला माणूस तोंडी ‘स्कोअर’ म्हणून मोकळा होतो. त्या बँकेकडे नकाराचं कारण लेखी मागा.

एक गोष्ट तुम्ही अर्ध्या ओळीत उरकलीत, आणि मला तीच मोठी वाटते. होणारी बायको नोकरी करते, पगार २६,०००. लग्नाआधी दोघांनी वेगळा करार केला नाही तर हा फ्लॅट आधी घेतलात काय किंवा नंतर, निम्मा तिचा होणार आहे. मग सहकर्जदार बाबा कशाला, ती का नको? वय तुमच्याच जवळपास, वीस वर्षांची मुदत बसते, तिचे निम्मे १३,००० धरले तरी पंधरा लाखांची जागा होते. ती सगळी वापरू नका, पण एकाची नोकरी गेली तर हप्ता निभावेल एवढी सोय झाली. अनेक बँका स्त्री कर्जदाराला दरात थोडी सूट देतात, ती वेगळीच. तिने आजवर कर्जच घेतलं नसेल तर स्कोअरच्या जागी उणे एक किंवा ‘एनएच’ दिसेल. त्याचा अर्थ वाईट नाही, इतिहास नाही एवढाच. तुमचा ६१८ मात्र तिच्यामुळेही झाकला जाणार नाही, म्हणून ते वर्ष चुकत नाही. लग्नानंतर सहा महिने डिचोलीलाच राहा, किंवा फोंड्यात भाड्याने. आणि ६१८ चं तिला लग्नाआधी सांगा.

कर्ज मंजूर होताना बँक विम्याची पॉलिसी पुढे करेल, एकरकमी हप्ता कर्जातच मिळवून. ती घेतलीच पाहिजे असं नाही. साधा टर्म विमा स्वतंत्र काढा, स्वस्त पडतो.

बहिणीचं मात्र आधी करा. गिफ्ट डीडचा मसुदा व्हायच्या आत तिला आणि भावजींना बोलवा, आई-बाबा समोर असताना आकडा सांगा. नंतर चवथीला माटोळी बांधताना कुणाच्या तरी तोंडून कळलं, तर साडेआठ लाखांचे साडेअठरा झालेले असतील.